सुहैल उगवला, खिडक्या उघडा

अरबस्तानातला उन्हाळा कधी संपतो हे ठरवण्याचा अधिकार परमेश्वराने माझ्या व्याह्यांना दिला आहे, अशी त्यांची दृढ श्रद्धा आहे. आणि त्या श्रद्धेस बाधा आणील असे धैर्य मी अद्याप कोणात पाहिलेले नाही. उमेदीची सारी वर्षे या गृहस्थांनी दुबईतील परक्यांच्या इमारतींत एसी बसवण्यात घालवली. आता ते तेथेच मुलासुनेसह, म्हणजे माझ्या जावई-लेकीसह, राहतात. एसीबद्दल मात्र त्यांच्या मनात असा तिरस्कार साठला आहे, जसा हलवायाच्या मनात जिलेबीबद्दल.

श्रावणाच्या अखेरीस मी लेकीकडे जातो. त्याच सुमारास पहाटे दक्षिणेला सुहैल नावाचा तारा उगवतो आणि त्यानंतर उष्मा ओसरू लागतो, असे तेथील जुने लोक मानतात. तरुणपणी एका अरब मुकादमाने व्याह्यांना तो दाखवला होता. तेव्हापासूनचा हा नेम. डिस्कव्हरी गार्डन्स वस्तीतील मुलाच्या भाड्याच्या घरातही तारा दिसला की त्याच सकाळी एसी बंद होत असे.

"उठा! सुहैल उगवला. खिडक्या उघडा, यल्ला, चला लवकर!"

"बाबा, बाहेर चाळीसच्या वर टेम्परेचर आहे," जावई अंथरुणातूनच कळवळत.

"टेम्परेचर पाहून ऋतू बदलत नाही."

"आजोबा, इट्स लिटरली अ‍ॅन ओव्हन!" नात ओरडे.

"सहा महिने फ्रिजात होतीस, तेव्हा नाही ओरडलीस!"

आश्विन लागल्यावाचून शरद कसा, असे मी एकदा पंचांग उघडून नम्रपणे सुचवले. "शास्त्रीबुवा, तुमच्या पंचांगाला इथला वारा ठाऊक नाही," एवढ्यावर त्यांनी विषय मिटवला. मग मी सांगितले, की सुहैल म्हणजे आपलाच अगस्त्य. त्याच्या उदयाने गढूळ जळे निवळतात असे आपले पूर्वज मानत आले. व्याही उद्गारले, "म्हणजे तुमचे ऋषी पण गल्फला लागले म्हणा की! व्हिसा कोणी दिला?"

त्यानंतर घराला शरदासाठी सज्ज करण्याचा सोहळा चाले. सरकत्या दाराच्या खाचेत साचलेली वाळू ते जुन्या टूथब्रशने असे काढीत, जणू एखाद्या मूर्तीची बोटे उजळीत आहेत. खिडक्यांच्या जाळ्या उतरवून न्हाणीघरात त्यांना साक्षात अभ्यंगस्नान घडे. इमारतीच्या नियमानुसार कठड्यावर काही वाळत घालणे निषिद्ध. म्हणून गोधड्या खुर्च्यांवर पसरून, कठड्याच्या वर सूतभरही दिसणार नाहीत अशा बेताने, त्यांना ऊन दाखवले जाई. बाल्कनी धुताना खालून पहारेकरी ओरडे, "अंकल, पानी नीचे गिरता है!" व्याही वरून शांतपणे विचारत, "तो क्या ऊपर गिरेगा?"

गेल्या वर्षी मी पोहोचलो तेव्हा घरात उदासी होती. मालकाला ते घर स्वतःच्या मुलासाठी हवे होते, आणि दिवाळीपूर्वी ते रिकामे करायचे होते. नवे घर ठरले होते एका उत्तुंग मनोऱ्यात. भिंतभर काच, पण उघडेल अशी एकही खिडकी नाही.

"या वर्षी साफसफाई राहू द्या बाबा," जावई म्हणाले. "तिथे तुमचा जीव रमणार नाही, मला कळतं. गावी जायचं असेल तर तिकीट काढतो."

"खिडकीसाठी नातीला सोडून जाऊ?" व्याही म्हणाले. "आणि घर सोडायचंय ना? अजून सोडलेलं नाही."

त्या वर्षी त्यांनी दाराचे झिजलेले रबर बदलले, बिजागऱ्यांना तेल घातले. माझी लेक शेवटी चिडली, "बाबा, मालकासाठी कशाला राबताय?"

"मालकाचा काय संबंध? या खिडकीनं इतकी वर्षं वारा दिला. तिला मळकी टाकून जायचं?"

 ती दुसरे फडके घेऊन त्यांच्याशेजारी बसली.

यंदा मी नव्या घरी गेलो. व्याह्यांनी काचेच्या कडेने बोटे फिरवून कोठे कडी आहे का याचा शोध घेतला होता म्हणे. ती नाही हे पटल्यावर त्यांनी घराचे मुख्य दार सताड उघडले, खाली लाकडी पाचर ठोकली आणि उंबरठ्यातच खुर्ची मांडली. सुरक्षारक्षक धावत आला. "अंकल, दरवाज़ा बंद रखिए. रूल है."

"मैं खुद दरवाज़े में बैठा हूँ. और कितना बंद करूँ, हबीबी?"

रक्षक हसत निघून गेला. समोरची मलयाळी परिचारिका कामावरून परतताना थबकली, चहा पिऊन गेली; दुसऱ्या दिवशी केळ्याचे काप घेऊन आली.

एका संध्याकाळी मीही माझी खुर्ची त्यांच्या खुर्चीला लावली. त्यांनी तळहात हवेत धरला होता.

"येतो का हो वारा?" मी विचारले.

"येतोय. लांबून येतोय, थोडा वेळ लागतो."

मीही हात पुढे केला. कॉरिडॉरच्या टोकाशी लिफ्टचे दार उघडले, की बोटांना जेमतेम कळेल एवढी झुळूक येई आणि दार मिटताच विरून जाई. हे त्यांना सांगावे असे मला वाटले नाही. त्यांना ते ठाऊक नसेल असेही वाटले नाही. पुन्हा लिफ्ट येईपर्यंत आम्ही दोघे म्हातारे हात तसेच धरून बसलो.