रिपोर्ट कपाटात होता

"टी-शर्ट काढ."

एचआरचे साहेब सगळ्यांसमोर म्हणाले. जळगावच्या एमआयडीसीत, आमच्या प्लास्टिक चटईच्या कारखान्याच्या आवारात. मंडपावर फलक होता, ‘तरुण कर्मचारी आरोग्य दिन’. सकाळी आम्हा कंत्राटी पोरांना हिरवे टी-शर्ट घालून पुढच्या रांगेत बसवलं. योगासनं झाली. फोटो झाले. रक्त घेतलं, छातीचे एक्स-रे काढले. पाहुणे गेले आणि साहेब माझ्यासमोर आले.

"हे पर्मनंट स्टाफचे आहेत. तुम्हाला फोटोपुरते दिले होते."

माझा शर्ट आत खात्यात होता. म्हणालो, घालून येतो, मग देतो.

"इथंच काढ. तुम्ही लोक परत देत नाही."

काढला. बावीस वर्षांचा मी. उघडा. पॅकिंगच्या बायकांनी माना खाली घातल्या. साहेब डॉक्टरांना म्हणाले, "याचा एक्स-रे कशाला काढला? बरगड्या अशाच मोजता येतात."

लोक हसले. मीही हसलो. त्या हसण्याची अजून शिसारी येते.

शेजारी गोकुळ होता. धुळ्याकडचा, पिंप्राळ्यात माझ्याच खोलीत राहायचा. जुनं प्लास्टिक दळायच्या मशीनवर काम. धुळीनं भुवया पांढऱ्या व्हायच्या. खोकला काही जात नव्हता. रोज विचारायचा, "भाऊ, मना रिपोर्ट उना का?"

स्टाफचे रिपोर्ट आठवड्यात आले. आमचे नाही. मी दोनदा ऑफिसात गेलो. साहेब म्हणाले, "काही असतं तर कळवलं असतं ना." तिसऱ्यांदा गेलो नाही. त्या माणसासमोर परत उभं राहायची लाज वाटली. गोकुळला म्हटलं, काही नसेल रे.

चार महिन्यांनी त्याला रक्ताची उलटी झाली. सिव्हिलला नेलं. टीबी. डॉक्टरीणबाई माझ्यावरच ओरडल्या, "इतके दिवस काय करत होतात?" आठव्या दिवशी तो गेला. त्याच्या आईनं मला एवढंच विचारलं, "तू व्हता ना त्यानासंगे?"

होतो.

अजून खोलीत खोकला ऐकू येतो. उठून पाणी भरतो. मग कळतं, प्यायला कुणी नाही.

पुढच्या वर्षी शिबिराआधी ऑफिसातलं कपाट हलवायला आम्हाला बोलावलं. दार उघडलं, पाकिटं खाली पडली. आमच्या नावांची. बंद. गोकुळचं मी फोडलं. ‘फुप्फुसावर डाग. ताबडतोब पुढील तपासणी करावी.’

शिबिराच्या दिवशी नर्सनं दंड धरला. मी हात काढून घेतला.

"रक्त देणार नाही. आधी मागचे रिपोर्ट द्या."

साहेब आले. "उद्यापासून येऊ नकोस."

"नाही येत. रिपोर्ट द्या."

पॅकिंगच्या एक अक्का रांगेतून उठल्या. "मनाबी द्या." मग बठ्ठी, सगळीच्या सगळी रांग उठली. संध्याकाळपर्यंत पाकिटं वाटावी लागली. आणखी दोघांच्या छातीत डाग निघाले. त्यांचे उपचार चालू आहेत.

माझं काम गेलं. कामगार कार्यालयात तक्रार दिली. साहेबांचं नाव लिहिलं. मी तिसऱ्यांदा विचारायला गेलो नाही, हेही लिहिलं. तिथला क्लार्क म्हणाला, ही ओळ काढ, तुझ्यावरच उलटेल. उलटू दे. खरं आहे ते. ती ओळ मी खोडणार नाही. तक्रारही मागे घेणार नाही.