उतरलेला आकडा

आमच्या खारपाणपट्ट्यात, जिथं खाऱ्या पाण्यानं घरोघरी किडन्या जातात, क्रिएटिनिन हा शब्द कुणाला शिकवावा लागत नाही. लग्नात, मयतीला, एसटीच्या थांब्यावर बाया एकमेकींना विचारतात, किती आलं? काय आलं, ते सांगायची गरज नसते. त्यामुळे माझ्या रक्तात ते जास्त निघालं तेव्हा मला वाटलं, शब्द ओळखीचा आहे, म्हणजे आजारही कळला. बारावी शिकलेल्या बाईला एवढा तोरा असतोच.

बुलढाण्याच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की किडन्या हळूहळू थकत चालल्या आहेत, मीठ कमी करा, डाळ-दूध बेतानं घ्या. आता बेतानं खाणं आमच्या घरात कुणाला जमलंय? आम्ही एक तर पोट फुटेस्तोवर जेवतो, नाहीतर कडकडीत उपास धरतो. मी उपास धरला. तुरीची डाळ बंद, शेंगदाणे बंद, दूध बंद. धाकट्या जावेलाही हाच आजार. आम्ही दोघी एकाच विहिरीचं पाणी पीत आलेल्या. ती म्हणाली, "बाई, तुमी सोडलं तं मीबी सोडतो." मग सोळा सोमवार धरावेत तशा आम्ही दोघी पथ्याला बसलो. ज्वारीच्या पातळ कण्या आणि उकडलेली लवकी, म्हणजे दुधी भोपळा. आकडा उतरला की आजार उतरला, हा आमचा हिशेब.

आणि माझा आकडा उतरला. आमच्या ह्यांनी मलकापूरहून पेढे आणले, गल्लीत वाटले. बाया येऊन काय खाल्लं, काय सोडलं ते विचारून जायच्या. मला जिना चढताना भिंत धरावी लागत होती, बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या, पण ते मी पथ्याचं पुण्य समजले. खोटं कशाला बोलू, मला फार अभिमान वाटत होता.

रिपोर्ट घेऊन घाट चढून पुन्हा बुलढाण्याला गेले. बाईंनी कागदाकडे कमी आणि माझ्या दंडाकडे जास्त पाहिलं. चिमटीत धरून पाहिला. काय खाता, विचारलं. मी मोठ्या दिमाखात सांगितलं. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "क्रिएटिनिन म्हणजे आजार नव्हे, मावशी. ते आपल्या मांसातून रक्तात येतं आणि किडनी ते बाहेर टाकते. तुमच्या अंगावर मांसच उरलं नाही, तर ते येणार कुठून?"

मांसावर अवलंबून नसलेली दुसरी एक तपासणी त्यांनी करायला लावली. तिच्यात खरं काय ते निघालं. किडन्या सुधारल्या नव्हत्याच, आणखी खालावल्या होत्या. डायलिसिसची तयारी ठेवा, म्हणाल्या, आणि डाव्या हाताला आता सुई टोचू देऊ नका, तिथल्या शिरा पुढे लागतील. एवढं अशक्त अंग ते कितपत सोसेल, हे मी विचारलं नाही. मला त्यांचा राग आला. मग माझा आला. मग रागालाही जोर लागतो हे कळलं, आणि तोही गेला. येताना सगळा घाट मी डावा हात मांडीवर धरून बसले होते.

घरी आले तर जाऊ दारातच उभी. तिचाही रिपोर्ट त्याच दिवशी आला होता, तिचाही आकडा उतरला होता. तिची गालफाडं किती वर आली आहेत, हे मला तेव्हा दिसलं. रोज एका ताटाला बसत होतो आणि दिसलं नव्हतं. मी तिला धरून खाली बसवलं आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितलं ते सगळं सांगितलं, मांसाचं, दुसऱ्या तपासणीचं, माझ्या हाताचं. उद्यापासून थोडी डाळ खायची, म्हटलं.

ती ऐकत होती. तिच्या तोंडावरचा आनंद हळूहळू आटला आणि तिथं दुसरंच काही आलं.

"तुमचं उतरलं तवा पेढे वाटले, बाई," ती म्हणाली. "माह्यं उतरलं तं मांस झडलं म्हन्ता?"

मी पुन्हा सांगून पाहिलं. ह्यांनाही सांगायला लावलं. ती पदर खोचून उठली, आत गेली, आणि चुलीवर कण्यांचं पातेलं चढवलं. माझं ताट तिनं त्या दिवशी वेगळं वाढलं. त्यात डाळ होती.