होडीवरची अक्षरं

रत्नागिरीच्या कॉलेजात असताना भित्तिपत्रकाची शीर्षकं माझ्याकडे असत. ऐंशीच्या दशकातली सुरुवातीची वर्षं होती ती. एकदा मराठीच्या बाई म्हणाल्या, "अक्षर छान आहे तुझं, पण दर महिन्याला तेच. जरा बाहेर बघत जा."

ते मनाला लागलं. मग मी अक्षरं गोळा करू लागले. आंब्याच्या पेट्यांवरचे ठसे, एस.टी.च्या पाट्यांवर घाईत रंगवलेलं 'गुहागर', लग्नपत्रिकांतले वळणदार श्री. आवडलं की बटर पेपर ठेवून गिरवायचं आणि वहीत चिकटवायचं. घरचे हसत, पण वही भरत गेली.

मे महिना संपताना मिरकरवाड्याच्या मासेमारी बंदरावर होड्या वर ओढलेल्या असत. तिथे एका होडीवर देवीचं नाव होतं. सगळी अक्षरं उजवीकडे झुकलेली, जणू वाऱ्यावर उभी. मी कागद लावून गिरवायला लागले, तोच मागून आवाज आला.

"काय लिवतेस गो? हापिसातली हायस?"

जाळं विणणारी एक बाई उठून आली होती. मी वही दाखवली, कॉलेजचं सांगितलं. ती जरा वेळ पानं उलटत राहिली. मग म्हणाली, "माझ्या घोवानं काढलेली हायत ती. दुसरी शिकला होता. दोन वर्सं झाली त्याला जाऊन." तिच्यासमोरच मी तिच्या नवऱ्याची ती अक्षरं पूर्ण गिरवून घेतली.

श्रावण लागला तेव्हा ती डोक्यावर टोपली घेऊन थेट कॉलेजच्या फाटकाशी आली. लेकीच्या बाळंतपणाला ती दाभोळला गेली असताना सुताराने होडीच्या कुजलेल्या फळ्या बदलल्या होत्या. नाव त्याच फळ्यांवर होतं. जुन्या फळ्या चुलीत गेल्या होत्या.

"तुझ्या वहीत हाय न्हवं ता?" तिने विचारलं.

दुसऱ्या दिवशी मी वहीतून तो बटर पेपर सोडवून घेऊन गेले. मागून पेन्सिल घासून नाव नव्या फळीवर उतरवलं. रंगारी बोलवू या म्हटलं, तर ती म्हणाली, "तूच काढ." तोवर मी फक्त शाईने कार्डावर लिहिलेलं. ऑइल पेंट ओघळत होता. तिसऱ्या अक्षराला माझ्याही नकळत मी त्याचा कल काढून टाकला, कारण सरळ उभं अक्षरच मला बरोबर वाटायचं.

ती मागे उभी राहून बघत होती. "असा नव्हता तो," ती हळूच म्हणाली. "त्याचा हात कलायचा."

मी रॉकेलच्या फडक्याने अक्षर पुसलं आणि पुन्हा काढलं, त्याने काढलं होतं तसंच. त्याचा ब्रश जिथे टेकून थांबला होता आणि रेघ जाड झाली होती, तिथे मीही थांबले. न पाहिलेल्या माणसाचा हात मला त्या दुपारी कळला.

नाव पूर्ण झाल्यावर ती पुढे आली. ओल्या रंगाला बोट न लावता, हवेतच तिने एकेक अक्षर गिरवलं. मग बटर पेपर मागितला. मी दिला. तिने तो चार घड्या करून पदराच्या गाठीत बांधला आणि वाळत घातलेली जाळी उचलायला गेली.