हेराचा सत्कार

कोणत्याही घरात शिरताना बाळासाहेब उंबऱ्यात थांबत असे. आत बसलेल्या प्रत्येकानं मान वळवून आपल्याकडे पाहिलं याची खात्री झाली, की मगच त्याचं पाऊल आत पडायचं. कुणी वर्तमानपत्रात तोंड घालून बसलं असेल तर तो खोकायचा. तेवढ्यानंही भागलं नाही, तर मोबाईल कानाला लावून, पलीकडे कुणीही नसताना, 'डायरेक्टरला सांग, निघालोय' असं म्हणायचा. या माणसाला टीव्हीवरच्या मालिकेत एका हेराचं काम मिळालं. ते त्यानं कसं केलं हे मुद्दाम लिहून कळवते आहे, कारण परवा फोनवर तुम्ही दोघं फार कौतुकानं विचारत होतात, "आजी, नवा दामोदर खरंच आपल्या बेलापूरचा आहे?"

आहे. आमच्यापासून चौथ्या घरातला आहे. पण अभिमान वाटून घेण्याआधी हे वाचा.

'मागमूस' ही मालिका तुमची आई शाळेत होती तेव्हा लागायची. दामोदर हा तिच्यातला हेर. एका भागात तो स्टोव्ह दुरुस्त करणारा असे, दुसऱ्यात एसटीचा कंडक्टर, तिसऱ्यात लग्नातला वाढपी. तुमचे आजोबा "तो बघ दामोदर" म्हणून पडद्याकडे बोट दाखवायचे आणि बहुतेक वेळा चुकायचे. ज्यांचा जीव वाचला त्यांनासुद्धा शेवटपर्यंत कळत नसे की कुणी येऊन गेलं. दामोदर करणारे ते नट वारले, मालिका विस्मरणात गेली, आणि आता इतक्या वर्षांनी ती नव्यानं काढायचं ठरलं. नव्या दामोदरसाठी शोध सुरू झाला.

बाळासाहेब तोवर मुंबईत विक्रांत झाला होता. मालिकांमध्ये खलनायकाच्या मागे उभ्या असलेल्या चौघांतला तिसरा, एवढी त्याची कारकीर्द. विक्रांत हे नाव मी कधी तोंडात घेतलं नाही. त्याचं बारसं मी जेवले आहे.

त्याची निवड कशी झाली, ते त्यानं मला स्वतःच सांगितलं, तेही अपमान म्हणून. चाचणीसाठी तो बाहेरच्या बाकावर बसला होता. दिग्दर्शिका, एक तरुण पुण्याची मुलगी, दारातून डोकावली आणि त्याला म्हणाली, "दादा, आत दोन चहा द्या." मग चूक लक्षात आल्यावर त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिली आणि हाच दामोदर, असं तिनं तिथल्या तिथं ठरवलं. "मॅडम, त्या बाईला माणसं वळखता येत न्हाईत," बाळासाहेब मला म्हणाला. मला उलट वाटलं.

काम पक्कं नव्हतं. आधी एक भाग करायचा, वाहिनीला तो पसंत पडला तर पुढं, नाही तर दुसरा मुलगा तयार होता. घरी त्याच्या वडिलांनी शेवटचं सांगून ठेवलं होतं की हे गेलं तर मुंबई बंद, गावात खता-बियाण्याच्या दुकानावर बसायचं. म्हणून त्याची आई कुसुम माझ्याकडे आली. त्या भागात दामोदरच्या तोंडी एक इंग्रजी वाक्य होतं, आणि मी बत्तीस वर्षं हायस्कूलात इंग्रजी शिकवलेलं. "बाई, येवढं एक वाक्य त्याच्याकडून घोटून घ्या," ती म्हणाली. "दुकानात बसला तर तो मनानं मरंल, बाई. मला म्हाईत हाय."

कुसुमसाठी मी हो म्हटलं. वाक्य होतं, 'आय वॉज नेव्हर हिअर.' मी इथे आलोच नव्हतो. जाताना पुटपुटल्यासारखं म्हणायचं. मी चारची वेळ दिली; हा पाचला यायचा, दोन मित्रांना घेऊन, संध्याकाळी काळा चष्मा लावून. 'आय' म्हणताना स्वतःच्या छातीवर अंगठा ठोकायचा आणि 'हिअर' असं ओरडायचा की शेजारचं कुत्रं भुंकायचं. मी सांगायचे, बाळासाहेब, हा माणूस नाहीसा होतो आहे. तो मान डोलवायचा. "मॅडम, विषय हार्ड हाय," हे त्याचं आवडतं वाक्य. दूध नासलं तरी विषय हार्ड आणि कुणी वारलं तरी विषय हार्ड. मित्र टाळ्या वाजवायचे. त्यांना चहा मी करायचे.

चित्रीकरण राजूरला ठेवलं होतं, बाजाराच्या दिवशी. दिग्दर्शिकेनं ते गाव मुद्दाम निवडलं होतं: डोंगरातल्या खेड्यांची माणसं बाजाराला येतात, तिथे याला कुणी ओळखणार नाही. कॅमेरा टेम्पोत ताडपत्रीमागे लपवायचा आणि दामोदरनं खऱ्या गर्दीतून एका माणसाच्या मागावर जायचं. ही गोष्ट कुणालाही सांगायची नाही, अशी सगळ्यांना ताकीद होती. आदल्या दिवशी बाळासाहेबाच्या मोबाईलवर स्टेटस होतं: 'उद्या राजूर येथे गुप्त शूटिंग.' खाली त्याचा फोटो, वर तोफांची चित्रं.

वाक्य त्याच दिवशी घ्यायचं होतं म्हणून कुसुमनं मलाही गाडीत बसवून दिलं. दिग्दर्शिकेनं टेम्पोत स्वतःच्या शेजारी स्टूल दिलं. समोर छोटा पडदा होता. बाळासाहेबाला मळकी टोपी, उसवलेला सदरा आणि खांद्यावर रिकामं पोतं देऊन गर्दीत सोडलं.

आता जे लिहिते आहे त्यावर विश्वास ठेवा, कारण ते लिहायची मला हौस नाही. तो फार चांगला दिसला. म्हणजे तो दिसलाच नाही. मी पडद्यावर त्याला शोधत होते आणि तो हरवत होता. टोपीखाली चेहरा त्याच्या वडिलांचा झाला होता, चाल दुकानावर उधारीवर खत मागायला येणाऱ्या कुठल्याही माणसाची. तांदूळ विकणाऱ्या एका म्हातारीपुढं तो थांबला, तर ती वर न पाहता म्हणाली, "बाजूला सर की रं बाबा. तू आडवा उभा राह्यला तं मला गिऱ्हाईक दिसंना." तो निमूट सरकला. माणसं त्याला धक्का देऊन जात होती. दिग्दर्शिकेनं माझा हात घट्ट धरला होता. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि मलाही तुमच्या आजोबांचं ते चुकलेलं बोट आठवत होतं.

पहिला तुकडा संपला. तो टेम्पोपाशी आला तो पडलेल्या चेहऱ्यानं. दिग्दर्शिका त्याला सांगत होती की अप्रतिम, असंच पुढे करायचं. यानं ऐकलंच नाही. मला बाजूला घेऊन म्हणाला, "मॅडम, एकानं बी वळखलं न्हाई. म्हातारी मला सरक म्हनली. मला." मी म्हटलं, बाळासाहेब, हेच तर काम आहे, आणि ते तू केलंस. असं मी त्याला आयुष्यात पहिल्यांदा सांगत होते. त्यानं माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं आणि मोबाईल काढला.

बेलापूरचे मित्र बसस्टँडवर येऊन थांबले होते. सगळं काम उरकल्यावर सत्कार करायचा, असं त्यांचं ठरलं होतं. यानं त्यांना तेव्हाच बोलावलं. आधी हलगी ऐकू आली. मग फ्लेक्स आला, दोन माणसांनी धरलेला: 'गुप्तहेर दामोदर यांचे राजूर नगरीत सहर्ष स्वागत', आणि खाली चष्मे लावलेल्या शुभेच्छुकांच्या रांगा. त्यामागे भाड्यानं आणलेला जेसीबी. त्याच्या बादलीतून झेंडूचा ढीग बाळासाहेबावर ओतला गेला, आणि तो त्या मळक्या टोपीत, हात जोडून, चहूकडे वळत उभा राहिला. ज्याचा पाठलाग करायचा होता तो नटही बघायला थांबला. म्हातारी तांदळावरची फुलं वेचत शिव्या घालत होती.

दिग्दर्शिकेनं कानावरचे हेडफोन काढले. "मॅडम, तुमच्याकडे हेराचाही सत्कार करतात?" तिनं विचारलं.

"आमच्याकडे सत्कार व्हायचा राहिलाय असं कुणी नाही," मी म्हटलं.

त्या दिवशी पुढं काही होऊ शकलं नाही. आता दुकान, असं मी धरून चालले, आणि कुसुमला काय सांगायचं ते गाडीत जुळवत बसले. बाळासाहेब पुढच्या सीटवर गाढ झोपला होता, कानात झेंडूची पाकळी.

पण जेसीबीचा व्हिडिओ कुणी तरी मोबाईलवर टाकला आणि तो लाखो लोकांनी पाहिला. वाहिनीच्या लोकांनीही पाहिला. त्यांना दामोदर असा हवा होता, हे त्यांना तेव्हा समजलं. पुण्याच्या त्या मुलीला काढलं. नव्या माणसानं सगळं पुन्हा लिहिलं. तुम्ही तिकडे बसून पाहता तो हा दामोदर: उघड्या जीपमधून येतो, गावकरी त्याच्या नावाचा जयघोष करतात, शत्रूही त्याला लांबूनच ओळखतो, आणि 'आय वॉज नेव्हर हिअर' म्हणताना छातीवर अंगठा ठोकतो. ते वाक्य आता पोरांच्या टी-शर्टवर आहे. शिकवलं मी, म्हणून बेलापुरात माझाही सत्कार करायचं चाललं होतं. मी दाराला कडी लावून घेतली.

मुंबईला कायमचा निघाला तेव्हा तो निरोप घ्यायला आला. उंबऱ्यात थांबला, मी पाहिलं, मग आत आला. वाकून नमस्कार केला, पेढे ठेवले. कुसुम मागे उभी होती, डोळे पुसत, सुखानं. तिच्यापुढं मला कडू बोलवेना. एवढंच विचारलं की बाळासाहेब, राजूरच्या बाजारातला तो पहिला तुकडा मालिकेत कुठंच आला नाही, त्याचं काय झालं?

त्याला आठवायला वेळ लागला.

"ते व्हय," तो म्हणाला. "ते मीच कापायला लावलं, मॅडम. त्याच्यात मी दिसतच नव्हतो."