खडूचे कडे

हे मी नवऱ्यालाही कधी सांगितलं नाही. आणि आधीच सांगते, माझा राग अजून गेलेला नाही — नाहीतर तुम्हाला वाटेल, बाई पश्चात्तापानं रडतेय.

मस्कतला, अल् घुब्रात, आमच्या वरच्या मजल्यावर मीनल राहायची. तिचा नवरा माझ्याच ऑफिसात इंजिनियर, मी ॲडमिनला. ओळख झाली तेव्हा तिनं माझं माहेरचं आडनाव विचारलं, गाव विचारलं, मग नुसतं 'अच्छा' म्हणाली. तो 'अच्छा' मला कळला. तरी बुद्धपौर्णिमेला दूध आटवून केलेली खीर मी डबा भरून वर पाठवलीच — का पाठवली? दुसऱ्या दिवशी वॉचमन माझा डबा घासून घेऊन आला. "मॅडम, खीर बहुत अच्छा था. ऊपरवाली मॅडम ने पूरा मेरे को दे दिया."

पूरा. अंगाची लाही लाही झाली माझ्या.

आणि तिचे सासरे? अण्णा. भूगोलाचे मास्तर, सगळा जन्म खडू हातात. पौर्णिमेच्याच दिवशी माझ्या घरी बसून त्यांनी खीर खाल्ली होती, दुसरी वाटी मागून घेतली होती. फ्रान्सच्या किनाऱ्यावर खडूचे कडे आहेत, पांढरेशुभ्र, आणि स्लोव्हेनियात चुनखडीच्या गुहा, आतून नदी वाहते — फळ्यावर इतक्यांदा काढलं, बघितलं कधीच नाही, म्हणायचे. मुलगा जूनच्या सुट्टीत नेणार होता. काचबिंदू होता त्यांना. डॉक्टर म्हणाले होते, काय बघायचं ते यंदाच बघा. हे मला अण्णांनीच सांगितलं. म्हणजे — मला माहीत होतं.

व्हिसाला कंपनीचं पत्र लागतं, आमची हरकत नाही म्हणून. ते मीच टाइप केलं. अर्बाबनं, म्हणजे आमच्या ओमानी मालकानं, सही केली, शिक्का मारला, आणि मी ते माझ्या खणात ठेवून दिलं. मीनलचा नवरा विचारायला आला की म्हणायचे, सहीला गेलंय, उद्या मिळेल, इन्शाल्ला. त्या देशात इन्शाल्ला म्हटल्यावर पुढे कोण विचारतं? मग एकदा मीनल स्वतः आली, पहिल्यांदाच माझ्या दारात. बघा ना जरा, म्हणाली. काय गार वाटलं मला! आत ये म्हटलं नाही. इन्शाल्ला म्हटलं.

व्हिसाची अपॉइंटमेंट हुकली. पुढची मिळेपर्यंत सुट्टी खलास.

गेले ते, पण पुढच्या वर्षी. तोवर अण्णांना उजेड आहे की अंधार, एवढंच कळत होतं. आणि मीनल? तिचं काय गेलं? कड्यासमोर गॉगल लावून काढलेले फोटो टाकत होती व्हॉट्सॲपवर. सूड तिच्यावर उगवायचा होता ना मला?

परत आल्यावर अण्णा भिंत चाचपत खाली आले. किनाऱ्यावरून उचललेला खडूचा तुकडा माझ्या तळहातावर ठेवला, माझी बोटं मिटली.

"हातानं बघून आलो गं," म्हणाले. "गेल्या वर्षी माझ्या पत्रासाठी फार धावपळ केलीस तू, पोरी. माझ्या लक्षात आहे."

मी तुकडा घेतला. म्हणाले, "अहो अण्णा, त्यात काय एवढं."