पेटी बसली, पोरगी उभी

लिडियाचं दळण अर्धं निवडून झालं होतं. निवडलेले गहू डब्यात, उरलेले सुपात, आणि सुपाच्या कडेला खड्यांची इवलीशी रास. तेवढ्यात जॉन्सन दौंडहून तिकीट काढून आला आणि दोन कागद त्याने त्या गव्हावरच ठेवले.

"घे. रिझर्वेशन. आता बाळंतपणाला राणीसारखी जा सोलापूरला."

लिडियाने कागद वाचले. एकावर तिचं नाव, डबा डी दोन. दुसऱ्यावर स्वीटीचं नाव, डबा डी चार.

"हे दोन कागद कशाला?"

"एक तुझं, एक पोरीचं. पाच वर्सं झाली का न्हाई तिला? हाफ तिकीट वेगळं लागतंय. मी दोन फॉर्म भरले."

"अहो, पण डबे वेगळे आलेत."

जॉन्सनने कागद उलटून पाहिला, जणू मागच्या बाजूला डबा बदलेल. शिरूरच्या माणसाचा सगळा जन्म एसटीत गेलेला. एसटीत कंडक्टर हाफ तिकीट वेगळं फाडून देतो आणि पोर आईच्या मांडीवरच बसतं. दोन फॉर्म भरले की रेल्वेच्या लेखी पोर वेगळा प्रवासी आणि आई वेगळी प्रवासी, हे त्याला कोण सांगणार? खिडकीतल्या बाबूनेही विचारलं नाही की साहेब, पाच वर्षांची पोर एकटी निघाली का.

"गाडीत बदलून घे कुणाशी तरी," तो म्हणाला. "माणसंच असतात ना गाडीत."

लिडियाला नेमकं तेच येत नव्हतं. कुणाकडे मागणं तिच्या जिभेवर यायचं नाही. सोलापूरला गिरणी बंद पडून बाप घरी बसला, तेव्हाही तिच्या आईने शेजारणीकडे कधी वाटीभर साखर मागितली नव्हती. मागायचं ते देवाकडे, माणसाकडे नाही, असं त्या घरात होतं. लग्न होऊन शिरूरला आली, तेव्हा चर्चच्या मंडळीतल्या बायकांना ही फार आवडली. कारण उघड होतं. ही मागत नाही आणि सांगितलेलं काम टाळत नाही. दर शनिवारी देऊळ झाडायचं तिच्याकडे आलं, मग फुलदाण्या, मग बाजाची पेटी पुसायचं. मागच्या हिवाळ्यात त्या पेटीत उंदरीण व्याली होती. लाल, नागडी पिल्लं आणि कुरतडलेल्या चिंध्या. सगळ्यांनी नाकाला पदर लावून दारातून पाहिलं. हात लिडियाने घातला. रात्री तिला जेवण गेलं नाही, पण दुसऱ्या दिवशी उपासनेला पेटी वाजली.

सातवा लागला आणि जायचा दिवस आला. एसटीने दौंडला येईपर्यंत तिला दोनदा मळमळलं. पोट असं पुढे आलेलं की स्वीटी मांडीवर बसली तर तिची पाठ थेट बाळाला लागायची. गाडी आली, जॉन्सनने बॅग आणि पोरगी डी दोनमध्ये चढवली, आणि समोर पाहतो तर अख्खा कप्पा ओळखीचा. शिरूरची गायन मंडळी सोलापूरच्या संमेलनाला निघालेली. शलमोनकाका, त्यांच्या पत्नी कुशामावशी, मोनिका आणि आणखी दोघं.

"सलाम, सलाम," जॉन्सनचा चेहरा उजळला. "काका, हिची आन् पोरीची जागा येगळी आलीय. पोरीची डी चारला हाय. जरा बघा."

"बघा म्हंजे काय? आपलीच लेक हाय. तू जा बिनघोर."

जॉन्सनला शिक्रापूरच्या कंपनीत दुसरी पाळी गाठायची होती. तो उतरला, खिडकीतून स्वीटीचा गाल ओढला आणि गेला. लिडियाला वाटलं, देवाने आधीच सोय करून ठेवली. मनातल्या मनात तिने आभारही मानले. तेवढी घाई करायला नको होती.

तिची जागा बाकाच्या कडेला, वाटेजवळ. मधे मोनिका. आणि खिडकीशी, उन्हापासून जपून, खिडकीची झडप ओढून, बाजाची पेटी बसलेली.

गाडी हलली. स्वीटी आईच्या गुडघ्यांमध्ये उभी राहिली. येणारा जाणारा तिला ढोपराने ढकलून जाई. चहावाल्याची किटली तर तिच्या कानाजवळून गेली.

"सरक की गं जरा, मोनिका," कुशामावशी म्हणाल्या. मोनिका बोटभर सरकली आणि पुन्हा पसरली.

लिडियाने ओठ ओले केले. "काका, पेटी खाली ठेवली तर... पोरगी बसली असती."

समोरच्या बाकावर शलमोनकाका अंडी सोलत होते. उकडलेल्या अंड्यांचा वास लिडियाच्या थेट घशात उतरला. टरफलं ते बाकाखाली टाकत होते, स्वीटीच्या पायापाशी.

"खाली? अगं, खाली किती घाण हाय बघतेस ना," टरफल टाकता टाकता ते म्हणाले. "देवाच्या कामाची वस्तू. धक्क्यानं भाता फाटला तर संमेलनात काय वाजवायचं, डबा? आन् जागा फुकट न्हाई अडवली. पाळकसाहेबांचं तिकीट हाय. ते जीपनं गेले पुढं."

"मग मोनिका डी चारला बसली तर? स्वीटीची जागा आहे तिथं. खिडकीची."

"मला एकटीला कसंतरीच होतं," मोनिका म्हणाली. "आन् आमची प्रॅक्टिस हाय."

"उभं राहिलं की पोरं लवकर वाढत्यात," कुशामावशींनी हसून स्वीटीच्या हातात अर्धं अंडं ठेवलं. "व्हय का न्हाई गं? आन् लिडिया, तू अशी चिंता करू नको. प्रभू सगळ्याला जागा देतो."

मग त्यांनी गीत धरलं. काकांचा आवाज चांगला होता, ते खोटं कशाला सांगू. डब्यातली माणसं वळून पाहायला लागली. स्वीटीने एका पायाचा भार दुसऱ्यावर टाकला, मग परत पहिल्यावर. तिच्या हातातलं अंडं चुरून पिवळं झालं आणि आईच्या साडीला पुसलं गेलं. लिडिया त्या पिवळ्या डागाकडे बघत राहिली. तिला अंड्याची किळस आली, बाकाच्या तेलकट मेणचटपणाची आली, आणि गीतातल्या प्रेम या शब्दाचीही आली. त्या शेवटच्या किळसेची तिला भीती वाटली.

टीसी आला. स्वीटीचं तिकीट बघून म्हणाला, "बाई, ही जागा डी चारला. पोरगी तिकडं का नाही?"

"पाच वर्षांची आहे हो. एकटी कशी बसवू?"

"मग मी ती वेटिंगवाल्याला देतो. तिथं एक म्हातारा उभा आहे." त्याने पेन काढलं आणि खिडकीशी पाहिलं. "ही जागा रिकामी दिसते. हिला इथं देऊ का? पॅसेंजर आला नाही?"

लिडियाच्या जिवात जीव आला. एवढं सोपं होतं. कुणी काही द्यायचं नव्हतं, नुसतं खरं बोलायचं होतं.

"आलाय की," शलमोनकाका तोंड पुसत म्हणाले. "बाथरूमला गेलाय. त्यांनीच पेटी ठिवलीय."

टीसीने मान हलवली, यादीवर खूण केली आणि पुढे गेला. काकांनी ओठांवरचा अंड्याचा कण काढून चघळला. मोनिका नखं बघायला लागली. कुशामावशींनी फिरकीचा तांब्या उघडला. कुणाच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. पाच माणसांच्या देखत खोटं बोललं गेलं आणि बाकाखाली टरफल पडावं तसं पडून राहिलं.

रविवारी हाच माणूस देवळात पुढे उभा राहून शास्त्रपाठ वाचतो, आणि हिने त्याच्यासाठी आदल्या दिवशी ते मेज पुसलेलं असतं.   लिडिया उठली.

"काका," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण वाटेपलीकडच्या बाकावर दोन परकी माणसं होती, त्यांनाही ऐकू गेलं. "पाळकसाहेब बाथरूममधून येईपर्यंत पोरगी बसू दे. ते आले की उठवीन."

त्यातला एक जण फिस्सकन हसला. काकांचा घास तसाच राहिला.

लिडियाने मोनिकाचे गुडघे ओलांडले आणि पेटीला दोन्ही हात घातले.

"अगं, अगं, उचलू नको," कुशामावशी म्हणाल्या. "पोटुशी बाई, जड हाय ती."

"ठेव ठेव, काही झालं म्हंजे आमच्यावर येईल," काका म्हणाले.

सगळे बोलले. उठलं कुणी नाही. लिडियाला पेटीपेक्षा तेच जड गेलं. पोट सांभाळत, पाठ ताठ धरत, तिने पेटी बाकाखाली सरकवली, टरफलांवरच. टरफलं कचकचली. मग स्वीटीला उचलून खिडकीशी बसवलं.

"मोनिका, तू कडेला हो. मी हिच्याजवळ बसते."

मोनिका काकांकडे बघत उठली.

 मग काकांनी घसा खाकरला आणि डोळे मिटून प्रार्थना सुरू केली. आपल्यातला राग काढून टाक, गर्विष्ठांना नम्र कर, एकमेकांचं सोसायला शिकव. नाव घेतलं नाही, पण सगळ्यांना कळलं. लिडियाने आयुष्यात कधी प्रार्थनेत डोळे उघडे ठेवले नव्हते. आज मिटेनात. ती काकांच्या मिटलेल्या पापण्या बघत राहिली, आणि सगळ्यांनी आमेन म्हटलं तेव्हा तिचं तोंड बंद होतं. देवाशी तिचं भांडण नव्हतं. पण त्या आमेनमध्ये आपला आवाज मिसळायला तिला नको वाटलं, उष्ट्या ताटात हात घालायला नको वाटावा तसं.

स्वीटी कुर्डुवाडीपर्यंत तिच्या दंडाला टेकून झोपली. मधे बाळ दोनदा हललं. लिडियाने पोटावर हात ठेवून पाहिलं, सगळं ठीक होतं.

सोलापूर आलं. कुशामावशी म्हणाल्या, "संमेलनाला येशील ना गं एक दिवस? राग धरू नको."

"बघते," म्हणून लिडियाने बॅग उचलली. सलाम केला नाही. भाऊ बेंजामिन फलाटावर उभाच होता. त्याने स्वीटीला खांद्यावर घेतलं आणि विचारलं, "प्रवास कसा झाला? कुणी होतं का सोबत?"

"कुणी नाही," ती म्हणाली.

उद्या सकाळी तिला आईबरोबर दवाखान्यात नाव घालायला जायचं होतं.