उलट्या गाठीचं दावं

जठारपेठेच्या मागं, मोर्णा नदीच्या अंगाला पार्वताबाईंचा मळा होता. वांगी, कोथिंबीर, अंबाडी आणि बांधाला झेंडू. मनकर्णा त्या घरची थोरली सून. सकाळी भाजीच्या जुड्या बांधायच्या आणि कपाशीचा हंगाम लागला की सरकी काढायच्या जिनात कामाला जायचं, असं तिचं चालायचं. अंगानं काटकुळी, बोलणं थोडं, कपाळाला मात्र ठसठशीत कुंकू. त्या कुंकवावरूनच घरात कुरकुर होती.

तिचा नवरा देवमन पोळ्याच्या दिवशी घरून गेला, तो गेलाच. तोरणाखाली बैल उभे होते. डफडं वाजलं आणि यांचा बांड्या बिथरून उधळला. देवमन खांद्यावर दावं टाकून त्याच्या मागं धावला. दुसऱ्या दिवशी बैल आपल्या पायानं गोठ्यात येऊन उभा राहिला. शिंगाचं बेगडसुद्धा निघालं नव्हतं. देवमन आला नाही. विहिरी पाहिल्या, नदी पाहिली, पार हिवरखेडपर्यंत माणसं जाऊन आली. त्यांची मुलगी शालू तेव्हा बोरं वेचायच्या वयाची होती. आता तिला पाव्हणे पाहून गेले होते.

आणि यंदाच्या पोळ्याला बारा वर्षं भरली.

बारा वर्षं ज्याचा पत्ता लागत नाही, त्याचा पळसाच्या पानांचा पुतळा करतात आणि त्याला अग्नी देतात. मग त्या माणसाचं सुतक, त्याचं श्राद्ध, सगळं रीतीनं होतं. पण एकदा का पुतळा जाळला की तो माणूस पुढं दारात येऊन उभा राहिला, तरी घराला तो मेलेलाच. मनकर्णेचं अडत होतं ते इथंच.

दीर पंजाबराव सरळ बोलणारा माणूस. तो म्हणाला, "वयनी, कन्यादानाले मी बसतो. पण पाव्हणे विचारून राहिले, पोरीचा बाप हाय का नाई? हाय म्हनलं तर दाखवा म्हनते. नाई म्हनावं तर तुमचं कुंकू दिसते. मी काय सांगू?"

मनकर्णेनं सासूकडं पाहिलं. पार्वताबाई लसूण सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "माह्या पोटच्या पोराले जाळा म्हनून मीच सांगून राहिली. मले काय गोड लागते व?"

"गणपती होऊ द्या," मनकर्णा म्हणाली. "पित्तरपाटाच्या आधी सांगतो मी."

गणपती बसायच्या आतच जिनातून निरोप आला. जिनाच्या शेठनं काही वर्षांमागं चिखलदऱ्याला डोंगराच्या उतारावर जागा घेऊन तिथं 'विराटनगरी' बांधली होती. भीमानं कीचकाला मारून दरीत लोटला तो याच डोंगरात, असं आपल्याकडं सगळेच सांगतात. त्यावरून शेठनं पांडवांचा अज्ञातवास सिमेंटमध्ये उभा केला होता. पाहुण्यांना राहायला बंगल्या आणि मधल्या वाटेवर मूर्ती. हंगाम लागायच्या आधी सगळ्या कामगारांना, बायांनासुद्धा, कंपनीच्या खर्चानं तिथं नेऊन आणायचं शेठच्या आईच्या मनात होतं. मनकर्णा जात नव्हती. पार्वताबाईच म्हणाल्या, "जाय. चार माणसांत मन हलकं होईन. आली की सांग."

अकोट, परतवाडा करत दोन ट्रक घाट चढले, तेव्हा धुकं इतकं उतरलं होतं की पुढच्या ट्रकातली माणसं दिसत नव्हती, नुसतं त्यांचं गाणं ऐकू यायचं. मनकर्णेच्या शेजारी भागीरथा बसली होती. जिनात दोघी एकाच ओळीत कापूस निवडायच्या. तिचं तोंड वाटभर चालू होतं.

विराटनगरीच्या फाटकाशी पितांबर नेसलेला, फेटा बांधलेला एक माणूस उभा होता. जेवण वाढणारेही तसेच. बायांना उतरायला दिली ती 'सैरंध्री' नावाची बंगली, पुरुषांना 'बल्लव'.

"संडासाले कोनाचं नाव ठेवलं पाहून येतो," भागीरथा म्हणाली आणि येऊन सांगितलं, "त्याले नाव नाई. तेवढी लाज हाय शेठले."

जेवणं झाल्यावर मॅनेजर केशवराव मंडळींना मूर्ती दाखवायला निघाले. हातात फासे घेतलेला धर्मराज, पळी धरलेला भीम, घोड्याच्या तोंडाशी नकुल. मूर्ती माणसाएवढ्याच होत्या, चबुतऱ्यावर नाही, वाटेलाच उभ्या केलेल्या. धुक्यातून एखादी एकदम समोर यायची आणि बाया पदर सावरून बाजूला व्हायच्या. मग हसायच्या.

मनकर्णेच्या चपलेचा अंगठा तुटला म्हणून ती मागं राहिली. खाली वाकून तिनं तो बांधला आणि वर पाहिलं. वाटेच्या वळणावर गायीशेजारी एक पुरुष पाठमोरा उभा होता. उजवा खांदा किंचित उतरलेला, सगळा भार एका पायावर. ती पाठ तिच्या ओळखीची होती. मळ्यात पाणी धरताना ती पाठ तिनं रोज पाहिली होती.

आधी तिच्या मनात काहीच आलं नाही. ती नुसती चालत गेली, भाकर घेऊन जावं तशी.

पुढून पाहिलं तर तो सहदेव होता. गोठ्यावर चाकरीला राहिलेला. सिमेंटचा, वर रंग दिलेला. पण डाव्या कानाची पाळी फाटलेली होती. देवमनची लहानपणी बाळी ओढली जाऊन फाटली होती, तशी. अंगाला रंग होता, डोळ्यांना नव्हता. डोळे राखाडी, कोरे.

आणि खांद्यावर दावं होतं. ते सिमेंटचं नव्हतं. खरं होतं, अंबाडीचं, नव्यानं वळलेलं. एक टोक शेजारच्या सिमेंटच्या गायीच्या गळ्यात बांधलं होतं. मनकर्णेनं गाठीला हात लावला.

देवमन डावखुरा. त्याचा वेढा उलट्या बाजूनं यायचा आणि टोक आत दडायचं. ती गाठ घरात एकट्या मनकर्णेला सुटायची. पार्वताबाई तर वैतागून विळ्यानं दावं कापायच्या आणि मुलाला शिव्या द्यायच्या. ही गाठ तीच होती.

झाडं टपटप गळत होती, गायीची पाठ ओली, त्याचे खांदे ओले. दावं कोरडं होतं.

"त्याले हात नोका लावू, बाई."

मागं एक म्हातारा उभा होता, डोक्यावर पोत्याची खोळ घेतलेला. बुधाजी गवळी, तिथला राखणदार.

"कोण हाय बाबा हा?" मनकर्णेनं विचारलं.

"सहदेव."

"तसं नाई. तोंड कोनाचं हाय?"

बुधाजी चबुतरा नसलेल्या त्या मूर्तीच्या पायाशी उकिडवा बसला. "मूर्तिकारानं इथल्याच मजुराईची तोंडं घेतली. हा एक होता. खांद्यावर दावं टाकून आला न् मले म्हने, बैल दिसला काय? म्या म्हनलं, कोणता बैल? काई बोलला नाई. मंग राह्यला इथंच. नाव सांगे ना, गाव सांगे ना. ढोरं मात्र लय मायेनं सांभाये. म्हनून मूर्तिकारानं त्याले सहदेव केला."

"आता कुठं हाय?"

"एक वासरू दरीत उतरलं. हा त्याच्यामागं गेला. वासरू आलं वापस." बुधाजीनं दरीकडं पाहिलं. तिथं धुक्याशिवाय काही नव्हतं. "आमी शोधलं. काईच भेटलं नाई, चप्पलबी नाई. तवापासून पोळ्याच्या सकाळी ह्याच्या खांद्यावर नवं दावं दिसते. कोन आनते, माईत नाई. इकडं अंबाडी होत नाई, बाई. दरसाल मी डोळे रंगवतो, बाकीच्याईचे टिकते, ह्याचे धुऊन जाते."

मनकर्णेला थंडी वाजत होती. तिनं पदर अंगाभोवती घेतला.

"तुमच्या ओळखीचा होता काय?" बुधाजीनं विचारलं.

तिच्या तोंडातून शब्द निघणार, तेवढ्यात वरून भागीरथेनं हाक मारली आणि मनकर्णा वर गेली.

दिवेलागणीला केशवरावांनी सगळ्यांना एकत्र बसवलं आणि विराटपर्वाची कथा वाचली. मनकर्णेनं ती लहानपणापासून ऐकली होती, पण त्या दिवशी तिचं लक्ष एकाच गोष्टीवर अडकलं. अज्ञातवासात कुणी ओळखलं, तर पुन्हा बारा वर्षं वनवास. म्हणून राजानं फासे धरले, राणीनं दुसरीची वेणी घातली. ज्यांना ते ओळखीचे वाटले असतील, त्यांनीही तोंड मिटून घेतलं असेल का, हे पोथीत नव्हतं.

"आपल्याले तर शेठ रोजच ओयखते," भागीरथा कानाशी पुटपुटली. "आपला वनवास काई सरत नाई."

मनकर्णा हसली नाही. तिनं डोळे मिटून नुसतं रामाचं नाव घेतलं. बाया झोपल्या, तेव्हा तिच्या मनात एकच चाललं होतं. बुधाजीला सांगावं, हा माझा माणूस. मग पुतळा जाळायचा नाही. मग पंजाबराव माणसं घेऊन येईल, दरी धुंडाळतील, आणि शालूचं लगीन राहील. सापडला तर एक. नाही सापडला तर पुन्हा पहिल्या दिवसापासून वाट पाहायची, आता मायलेकींनी मिळून. आणि जो आपलं नाव कुणाला सांगत नाही, दरसाल येतो आणि तोंड दाखवत नाही, त्याला ओळखणारी आपण कोण?

उजाडल्यावर ट्रक निघायच्या आधी ती एकटी खाली गेली. धुकं तसंच होतं. बाकीच्या मूर्तींना बायांनी हळदकुंकू वाहिलं होतं, तसंच तिनं सहदेवाच्या पायाला वाहिलं, कमी नाही आणि जास्त नाही. गाठीचं दडलेलं टोक तिला दिसत होतं. नुसतं ओढलं असतं तर सुटलं असतं. तिनं हात मागं घेतला.

बुधाजी झाडत होता.

"बाबा," ती म्हणाली, "कालचं मनात नोका ठेवू. मले भास झाला होता. ओळखीचा नाई हा."

बुधाजीनं तिच्याकडं पाहिलं, मग मूर्तीकडं पाहिलं. "बरं," एवढंच म्हणाला.

ती चढण चढू लागली तेव्हा मागं कोणीतरी ढोराला चुचकारल्यासारखं च्यक च्यक केलं. झाडणीचा आवाज दुसऱ्या बाजूनं येत होता. मनकर्णेनं मागं वळून पाहिलं नाही.

घरी पोचताच तिनं सासूपुढं बसून सांगितलं, "करा म्हनावं."

पितृपक्षात नदीवर विधी झाला. पळसाची पानं, डोक्याच्या जागी नारळ. पंजाबरावानं अग्नी दिला आणि लहान मुलासारखा रडला. पार्वताबाईंनी स्वतःच्या पदरानं सुनेचं कुंकू पुसलं. दिवाळीनंतर शालूचं लगीन लागलं आणि ती अमरावतीकडं नांदायला गेली. लोक म्हणाले, मनकर्णेनं मन मोठं केलं.

पुढचा पोळा आला. बांड्या बैल केव्हाच गेला होता, गोठ्यात एक गायच होती. रात्रभर पाऊस लागून राहिला होता. मनकर्णा सकाळी धार काढायला गेली. गाय शांतपणे रवंथ करत होती. तिच्या गळ्यात अंबाडीचं नवं दावं होतं. गोठ्याचं छप्पर गळत होतं, गाय ओली होती. दावं कोरडं.

मागून पार्वताबाई आल्या. गाय सोडायला त्या वाकल्या, गाठ दिसली आणि जुन्या सवयीनं त्यांचा हात कुडातल्या विळ्याकडं गेला. विळा अर्धा निघाला आणि तिथंच थांबला.

मनकर्णा चरवी घेऊन धारेला बसली.

"पंजाबभाऊनं बांधली असंन," मनकर्णा म्हणाली.

पंजाबराव कालपासून शालूला आणायला अमरावतीला गेलेला. पार्वताबाईंना ते ठाऊक होतं. त्यांनी विळा जागच्या जागी खोवला.

"हो," त्या म्हणाल्या. "त्यानंच बांधली."

त्या भाद्रपदात जिनाची सहल पुन्हा गेली. मनकर्णा गेली नाही. भागीरथा येऊन सांगत होती, "तो तुह्या आवडीचा सहदेव नाई काय व, त्याच्या खांद्यावर औंदा दावंच नाई. नुसताच उभा हाय." मनकर्णा जुडी बांधत होती. तिनं जुडी बांधून पाटीत टाकली आणि दुसरी घेतली.

पार्वताबाई गेल्या, गायीमागून गायी झाल्या. मनकर्णा म्हातारी झाली, तरी पहाटे सगळ्यांच्या आधी उठायची, मोर्णेकडं तोंड करून हात जोडायची, मग गोठ्यात जायची. फक्त पोळ्याच्या दिवशी ती मुद्दाम उशिरा जायची. गाय हंबरायची, दूध आटतं म्हणून घरातले ओरडायचे. ऊन अंगणात उतरेपर्यंत ती चुलीपुढून हलायची नाही. मग दाराशी जाऊन आधी खाकरायची, थोडी थांबायची, आणि खाली पाहत आत शिरायची.